पाण्यावर पंच नसतो: शिडाच्या शर्यतीत मुलांना उतरवणाऱ्या पालकांना आणि प्रशिक्षकांना खुले पत्र

प्रिय पालकहो आणि प्रशिक्षकहो,

पाऊस ओसरला की मुंबईच्या बंदरात ऑप्टिमिस्टची, म्हणजे मुलांच्या छोट्या होड्यांची, लहान लहान शिडे पुन्हा दिसू लागतील. शर्यतींचा मोसम सुरू होण्याआधी एका विषयावर तुमच्याशी स्पष्ट बोलायचे आहे, म्हणून हे पत्र. मी शर्यत समितीच्या बोटीवर आणि शर्यतीनंतर सुनावणीच्या टेबलापाशी स्वयंसेवक म्हणून बसतो. त्या टेबलापाशी अलीकडे मुलांच्या तोंडून दोन वाक्ये फार ऐकू येतात. पहिले, "कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून मी पुढे गेलो." दुसरे, "प्रोटेस्ट करू नको असं सांगितलंय, उगाच भांडणं होतात." (प्रोटेस्ट म्हणजे नियम मोडणाऱ्या होडीविरुद्ध रीतसर तक्रार.) दहा-बारा वर्षांचे मूल अशी वाक्ये स्वतः घडवत नाही. किनाऱ्यावर, घरी परतताना गाडीत किंवा कोचबोटीवरून ती त्याच्या कानावर पडलेली असतात. ही दोन्ही वाक्ये या खेळाच्या मुळावर आली आहेत आणि ती थांबवणे तुमच्या हातात आहे.

ज्यांच्या घरात शिडाची होडी नव्याने आली आहे, त्यांच्यासाठी आधी हा खेळ कसा चालतो ते सांगतो. क्रिकेटच्या मैदानात दोन पंच उभे असतात, तिसरा पडद्यासमोर बसतो. कबड्डीत आणि खो-खोत शिट्टी वाजते. शिडाच्या शर्यतीत तीस-चाळीस होड्या एकदम सुटतात आणि पार दूरवर पाण्यात पसरतात. शर्यत समितीचे लक्ष सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवर असते. ज्युरीची, म्हणजे नियमांवर नजर ठेवणाऱ्यांची, बोट असलीच तर एखाद-दुसरी. मधे जे घडते त्यातले बरेचसे फक्त त्या दोन होड्यांतल्या मुलांनाच ठाऊक असते. म्हणूनच नियमपुस्तकात, पहिल्या नियमाच्याही आधी, एक मूलतत्त्व लिहून ठेवले आहे. स्पर्धकांनी नियम पाळावेत आणि ते पाळले जातात की नाही हेही स्पर्धकांनीच पाहावे. ज्या होडीने नियम मोडला तिने ताबडतोब योग्य तो दंड आपणहून घ्यावा, प्रसंगी शर्यत सोडावी. ऑलिंपिकपासून आपल्या बंदरातल्या रविवारच्या शर्यतीपर्यंत हेच पुस्तक चालते. दर चार वर्षांनी ते सुधारतात. सध्याचे 2025 ते 2028 या काळासाठी आहे. कलमांचे क्रमांक इकडचे तिकडे होतात, हे तत्त्व मात्र आहे तिथेच आहे.

वाट कोणी कोणाला द्यायची याचे मुख्य नियम एका दुपारी शिकवून होतात. डाव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीने उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीपासून दूर राहायचे. दोघींचा वारा एकाच अंगाने असेल आणि त्या शेजारी-शेजारी असतील तर वाऱ्याकडच्या होडीने पलीकडच्या होडीला जागा द्यायची. मागून येणारीने पुढचीला सांभाळायचे. टॅक करत असलेल्या, म्हणजे नाक वाऱ्यातून वळवून वारा दुसऱ्या अंगाने घेणाऱ्या, होडीने इतरांच्या वाटेत यायचे नाही. वळणाच्या बोयापाशी, म्हणजे तरंगत्या खुणेपाशी, होडीच्या तीन लांबींच्या टापूत आले की आतल्या बाजूच्या होडीला वळायला जागा सोडायची. आणि ज्याचा हक्क आहे त्यालाही टक्कर टाळणे शक्य असेल तर ती टाळावीच लागते. हा शेवटचा भाग मुले पटकन विसरतात. "स्टारबोर्ड!" (माझा वारा उजव्या अंगाने, वाट माझी) असे ओरडले म्हणजे दुसऱ्याच्या होडीवर आपली होडी घालायचा परवाना मिळाला, असे त्यांना वाटू देऊ नका.

आता दंडाचे. नियम मोडल्याचे लक्षात आले की इतर होड्यांपासून बाजूला व्हायचे आणि एकाच दिशेने लागोपाठ दोन गिरक्या घ्यायच्या. प्रत्येक गिरकीत एक टॅक आणि एक जाइब (होडीची मागची बाजू वाऱ्यातून वळवणे) व्हायला हवा. बोयाला होडी लागली तर एकच गिरकी. त्या चुकीने कोणाला इजा झाली, मोठे नुकसान झाले, किंवा गिरक्या घेऊनही मोठा फायदा पदरात उरला, तर शर्यत सोडायची. शिट्टीची वाट पाहायची नाही, दुसऱ्याने बोट दाखवायची वाट पाहायची नाही. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर गिरक्यांत चार-पाच होड्या पुढे निघून जातात, म्हणजे चार-पाच गुण गेले. पहिल्याला 1, दुसऱ्याला 2 अशी इथली गुणपद्धत, कमी गुण चांगले. सुनावणीत बाद झालेल्या होडीला मात्र एकूण होड्यांच्या संख्येपेक्षा एक जास्त गुण मिळतो. म्हणजे निव्वळ व्यवहार पाहिला तरी गिरकी स्वस्त पडते. पण मुलांना ती व्यवहार म्हणून शिकवू नका. ज्या दिवशी पकडले जाण्याची भीती नसेल त्या दिवशी तो व्यवहार संपतो.

आपल्या बंदरात हा प्रसंग रोज येतो. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. खारा वारा अजून नीट लागलेला नसतो, ओहोटीची ओढ मात्र जोरात असते. मूल बोयाला वळसा घालायला जाते आणि पाणी त्याला थेट बोयावर लोटते. बूम, म्हणजे शिडाखालची आडवी दांडी, बोयाला घासून जातो. तो आवाज होडीतल्या मुलाला ऐकू येतो, आणखी कोणालाच नाही. पुढच्या दहा सेकंदांत ते मूल काय करते, यात त्याचे सगळे शिक्षण दिसते. शिडाचा ताण, सुकाणूवरचा हात, वाऱ्याचा अंदाज हे सगळे नंतरही शिकता येते.

गेल्या काही वर्षांतला एक प्रसंग सांगतो. शर्यत संपवून किनाऱ्यावर आलेल्या एका मुलाला मित्राशी बोलता बोलता कळले की वळणावर आपण दुसऱ्याला जागा नाकारली होती. पाण्यावर त्याला ते खरोखर समजले नव्हते. शर्यत पूर्ण केल्यानंतरही चूक कळली तर माघार घेता येते, हे त्याला ठाऊक होते. तो सरळ समितीच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "काका, माझी ही शर्यत काढून टाका." समितीने तशी नोंद केली. मग बाहेर, होड्या ओढून ठेवतात तिथे, त्याच्या प्रशिक्षकाने त्याला सगळ्यांसमोर झापले. संघाचे गुण गेले होते. होड्या धुणारी, शिडे गुंडाळणारी बाकीची मुले ऐकत उभी होती. त्या प्रशिक्षकांना मला सांगायचे आहे की त्या दिवशी तुम्ही एका मुलाला बोलला नाहीत, तिथल्या प्रत्येक मुलाला धडा दिलात. त्यातल्या किती जणांनी पुढच्या वेळी बोया लागल्यावर गिरकी घेतली असेल, याचा विचार करा.

वारा पडला की आणखी एक रोग दिसतो. होडी फक्त वाऱ्याने आणि पाण्याने चालावी, अंगमेहनतीने ती पुढे ढकलू नये, असा नियम आहे. शीड सारखे आत-बाहेर ओढणे, अंग झोकून होडी डुलवणे, सुकाणू जोरजोरात हलवून पुढे सरकणे हे सगळे त्यात मना आहे. ऑप्टिमिस्ट अवघी 2.3 मीटर लांबीची, पस्तीसेक किलोंची. जरा डुलवली तरी पळते. मोठ्या स्पर्धांत ज्युरी शिट्टी वाजवून पिवळे निशाण दाखवते. पहिल्या वेळी दोन गिरक्या, दुसऱ्या वेळी त्या शर्यतीतून बाहेर, तिसऱ्या वेळीही त्या शर्यतीतून बाहेर आणि ते गुण एकूण हिशेबातून वगळता येत नाहीत; बाहेर न पडल्यास सगळ्याच शर्यती गेल्या. काही प्रशिक्षक यातून मुलांना काय शिकवतात? ज्युरीची बोट कुठे आहे ते बघ आणि ती लांब असेल तेव्हा डुलव. वाऱ्यावर लक्ष ठेवायचे सोडून ज्युरीवर लक्ष ठेवायला शिकलेले मूल पुढे चांगला नाविक होईल, असे मला वाटत नाही.

प्रोटेस्टबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण तिथे गैरसमज फार खोलवर आहे. आपल्याकडे तक्रार करणारा म्हणजे रडीचा डाव खेळणारा, असे लहानपणापासून मनात बसलेले असते. त्यामुळे सभ्य घरातले मूल अन्याय झाला तरी गप्प बसते आणि आईवडिलांना वाटते, चला, समंजस आहे. या खेळात गोष्ट उलटी आहे. आपला मूलभूत नियमच सांगतो की नियम पाळले जातात की नाही हे स्पर्धकांनी पाहायचे. ते पाहण्याचे साधन प्रोटेस्ट हेच. त्यात वैर नाही. घटना घडताच, शक्य तितक्या लवकर, "प्रोटेस्ट!" असे मोठ्याने म्हणायचे, म्हणजे समोरच्याला कळते आणि गिरक्या घ्यायची संधी मिळते. 6 मीटर किंवा त्याहून लांब होड्यांना लाल निशाणही दाखवावे लागते, ऑप्टिमिस्टला आवाज पुरतो. समोरच्याने गिरक्या घेतल्या की सहसा विषय तिथेच मिटतो. नाही घेतल्या तर किनाऱ्यावर येऊन ठरलेल्या वेळेत लेखी अर्ज द्यायचा.

सुनावणीला या कधीतरी, बघायला. दोन्ही मुले समोरासमोर बसतात. टेबलावर बोटभर लांबीच्या होड्या, बोयाच्या जागी एखादे झाकण, वाऱ्याची दिशा दाखवायला पेन्सिल. एक मूल होड्या मांडते, "मी इथे, ही इथे, वारा असा." दुसरे त्या सरकवून आपले सांगते. दोघांनाही एकमेकांना आणि साक्षीदारांना प्रश्न विचारता येतात. समिती आधी काय घडले हे ठरवून लिहिते, मग कोणता नियम लागतो ते लिहिते, मग निर्णय. समितीतल्या कोणाचा एखाद्या मुलाशी नात्याचा किंवा प्रशिक्षणाचा संबंध असेल तर त्याने तसे आधीच सांगायचे असते. कित्येकदा टेबलावरच्या होड्या सरकवता सरकवता मूलच थांबते आणि म्हणते, "अरे हो, म्हणजे तुझ्याकडे ओव्हरलॅप होता," म्हणजे तुझी होडी माझ्या शेजारी आली होती. निर्णय झाल्यावर दोघे गोड्या पाण्याने एकमेकांच्या होड्या धुवायला जातात. भांडण होते ते बाहेर, मोठ्यांमध्ये.

प्रोटेस्ट होत नाही तिथे काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. सगळ्यांची आळीमिळी गुपचिळी. तू माझे सांगू नको, मी तुझे सांगत नाही. वरून फार खेळीमेळीचे दिसते. पाण्यावर मात्र बळी तो कान पिळी सुरू होते. जे मूल धिटाईने घुसते, ज्याचे नाव मोठे आहे, ज्याचा आवाज मोठा आहे, त्याला सगळे वाट देऊ लागतात. नवी आलेली, अबोल, अंगाने लहान मुलगी उजव्या अंगाने वारा घेत असली, म्हणजे पूर्ण हक्क तिचा असला, तरी तीच वळून बाजूला होते. एकदा होते, दोनदा होते, मग तिला सवयच लागते. मोसम संपता संपता ती म्हणते, मला शर्यत आवडत नाही. तुम्ही म्हणता, तिच्यात जिद्द नाही. तिच्या बाजूचा नियम आपण मोठ्यांनीच काढून घेतलेला असतो. नियमाची खरी गरज तिला आहे. दांडग्याला तो नसला तरी चालतो.

प्रोटेस्टने मन कडू होते असे ज्यांना वाटते त्यांनी 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधली फोर्टीनाइनर या दोघांच्या होडीच्या वर्गाची शेवटची शर्यत आठवावी. ती चिंगदाओला झाली. डेन्मार्कचे योनास वॉरर आणि मार्टिन किर्केटर्प गुणांत पुढे होते आणि शर्यतीच्या तोंडावर त्यांची डोलकाठी मोडली. क्रोएशियाचे पावले कोस्तोव आणि पेतार चुपाच शेवटच्या शर्यतीसाठी पात्र ठरले नव्हते. त्यांनी आपली होडी डेन्मार्कला दिली. दुसऱ्याच देशाच्या होडीत बसून डेन्मार्कची जोडी उशिरा सुटली, सातवी आली आणि तेवढ्यावर सुवर्णपदक जिंकली. होडी अशी बदलता येते का, यावर स्पेन आणि इटलीने आक्षेप घेतला. ज्युरीने तो फेटाळला, क्रीडा लवादानेही फेटाळला. क्रोएशियाच्या जोडीला पुढे खिलाडूवृत्तीसाठीचा पिअर द कुबेर्तँ सन्मान मिळाला. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना क्रोएशियाचा मोठेपणा सांगतात आणि आक्षेप घेणाऱ्यांना कोत्या मनाचे ठरवतात. मला ते पटत नाही. ज्यांचे पदक पणाला लागले होते त्यांनी नियम विचारला, विचारायच्या जागी विचारला आणि उत्तर स्वीकारले. त्या उत्तरामुळेच आज डेन्मार्कच्या सुवर्णपदकाबद्दल कोणी कुजबुजत नाही. होडी देणारे आणि आक्षेप घेणारे दोघेही खेळाशी प्रामाणिक होते.

खिलाडूवृत्ती म्हणजे मवाळपणा, हाही एक समज काढून टाकायला हवा. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये लेझर वर्गाच्या अखेरच्या शर्यतीत ब्रिटनच्या बेन एन्सलीला सुवर्ण हवे असेल तर ब्राझीलच्या रॉबर्ट शाइटला बरेच मागे ढकलणे भाग होते. त्याने शाइटला सुरुवातीपासून घेरले, त्याचा वारा तोडला, त्याला ताफ्याच्या मागच्या टोकाला नेले आणि सुवर्ण जिंकले. पुष्कळांना ते रुचले नाही. पण एखाद्या प्रतिस्पर्ध्याला आपल्या एकूण गुणांसाठी, कोणताही नियम न मोडता, मागे रोखून धरणे हा खेळाचा भाग आहे आणि तो मुलांनी शिकावा. मात्र आपण डाव्या अंगाने वारा घेत आहोत हे माहीत असूनही समोरच्याला घाबरवायला "स्टारबोर्ड!" असे ओरडणे ही लबाडी आहे. होडीला होडी न लागता, कोणाची वाट न अडवता, निव्वळ त्या खोट्या हाकेनेही खेळाच्या प्रामाणिकपणाचा नियम मोडला जातो, असा स्पष्ट निर्वाळा जागतिक संघटनेच्या निर्णयसंग्रहात आहे. पहिल्या प्रकारात बुद्धीचा कस लागतो. दुसऱ्यात समोरच्याच्या विश्वासाचा गैरफायदा घेतला जातो. प्रशिक्षकांनी हा फरक मुलांना उदाहरणासह समजावून सांगावा.

तुमच्यापैकी काही जण मला म्हणतात, जग असे चालत नाही, सरळ मूल मागे पडते. या खेळापुरते तरी उत्तर माझ्याकडे आहे. नियमपुस्तकातला पहिलाच नियम संकटात असलेल्याला शक्य ती सगळी मदत करा असा आहे. आणि मदत करताना गमावलेले स्थान परत देण्याची तरतूदही त्याच पुस्तकात आहे. 1988 मध्ये सोल ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यती बुसानला होत्या. कॅनडाचा लॉरेन्स लेमियू फिन वर्गात दुसऱ्या स्थानावर होता. खवळलेल्या समुद्रात सिंगापूरच्या जोडीची होडी उलटलेली त्याने पाहिली आणि शर्यत सोडून तो तिकडे गेला. दोघांना वाचवून, मदतबोटीच्या हवाली करून तो परतला तेव्हा पार मागे पडला होता. ज्युरीने त्या शर्यतीत त्याला दुसरे स्थान दिले. अलीकडचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. 2022 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत आपले अभिलाष टॉमी दुसरे आले. पहिली आलेली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉइशेफर वाटेत वळून, होडी बुडालेल्या तापिओ लेहतिनेनला तराफ्यावरून उचलायला गेली होती. त्याबद्दल तिला 35 तासांची भरपाई देण्यात आली. 2018 च्या शर्यतीत टॉमी स्वतः हिंदी महासागरात मोडलेल्या होडीत जखमी होऊन पडले होते, तेव्हा आयर्लंडचा ग्रेगर मगकिन स्वतःची डोलकाठी मोडलेली असताना त्यांच्या दिशेने निघाला होता.

आणि लबाडीची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे असेल तर पहिल्या गोल्डन ग्लोबकडे पाहा. 1968 ची शर्यत, एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. ती पूर्ण करणारा एकमेव नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची 'सुहैली' आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी. 22 एप्रिल 1969 ला ती इंग्लंडला परतली. त्याच शर्यतीतला डोनाल्ड क्रोहर्स्ट दक्षिण अटलांटिकमध्येच रेंगाळत होता आणि रेडिओवरून खोटी प्रगती कळवत होता. पुढे त्याची रिकामी होडी सापडली, तो सापडला नाही. हे बहुतेकांना माहीत असते. नायजेल टेटली फारसा कोणाला आठवत नाही. टेटलीने खरोखर प्रदक्षिणा घालत आणली होती. क्रोहर्स्ट आपल्या पाठीवर वेगाने येत आहे अशा बातम्या त्याला मिळत होत्या, म्हणून त्याने खिळखिळी झालेली होडी आणखी दामटली. मे 1969 मध्ये, शेवट सुमारे हजार सागरी मैलांवर राहिला असताना, ती फुटून बुडाली. त्याचा जीव वाचला, होडी आणि शर्यत गेली. एका माणसाच्या खोट्या आकड्यांची किंमत एका प्रामाणिक माणसाने अशी मोजली. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे 5000 पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले. बोयाला होडी लागल्याचे लपवणे आणि प्रदक्षिणेची खोटी नोंद एकाच मापाने मोजता येणार नाही, हे मला कळते. तरी मुलांना टेटलीची गोष्ट सांगा. आपण न घेतलेल्या गिरकीमुळे एक स्थान खाली घसरलेले दुसरे मूल त्या शर्यतीत असतेच, हे त्यांना त्यातून उमगेल.

आता थेट तुमच्याबद्दल. पालक किनाऱ्यावर असतात, त्यांचा नियमांशी काय संबंध, असे कोणी समजू नये. नियमपुस्तकात स्पर्धकाच्या साहाय्यकांची व्याख्या आहे. तिच्यात प्रशिक्षक आहेत आणि आई-वडील, पालक यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. मुलाची प्रवेशिका भरली की तुम्हीही त्या नियमांना बांधील होता. तुमच्या वागण्याचा मुलाला फायदा झाला असेल, किंवा समितीने एकदा ताकीद देऊनही तुम्ही तेच केलेत, तर दंड तुमच्या मुलाच्या होडीला होऊ शकतो. शर्यत चालू असताना कोचबोटीतून "टॅक कर, टॅक कर" असे ओरडणे ही बाहेरची मदत आहे आणि ती मना आहे. सुनावणीच्या आधी समितीतल्या ओळखीच्या माणसाला फोन करू नका. निरीक्षक म्हणून आत बसू दिले तर मागे शांत बसा. उत्तर मुलाला देऊ द्या, अडखळले तरी. निर्णय विरुद्ध गेला तर परत जाताना समितीला शिव्या घालू नका. अपिलाची वाट आहे, ती धरा.

क्लब चालवणाऱ्यांनाही इथेच एक विनंती. बक्षीस समारंभाची वेळ झाली, प्रमुख पाहुणे येऊन बसले, म्हणून "बेटा, जाऊ दे ना, मागे घे तो प्रोटेस्ट" असे कोणत्याही मुलाला सांगितले जाऊ नये. मी हे घडताना पाहिले आहे. मुलाने मान हलवली आणि कागद मागे घेतला. पाहुण्यांना चहा द्या, ते थांबतील. सुनावणी पूर्ण होऊन गुण नक्की झाल्याशिवाय चषक कोणाच्या हातात देऊ नका.

भाषेचेही पाहायला हवे. 1982 च्या आशियाई स्पर्धांतल्या शिडाच्या शर्यती याच मुंबईत झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्ण जिंकले, तेव्हा हा खेळ शहरातल्या मोजक्या घरांचा आणि सैन्यदलांचा होता. आता तसे राहिलेले नाही. 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली मुलगी आहे. आपल्याकडेही निमशहरांतली, कोळीवाड्यांतली, मराठी-हिंदी शाळांतली मुले होडीत बसू लागली आहेत. पाण्यावर ती कोणाला हार जात नाहीत. सुनावणीत मात्र सगळे इंग्रजीतून चालते आणि घडलेले नीट सांगता न आल्यामुळे त्यांची खरी बाजू पडते. समोरचा फर्ड्या इंग्रजीत बोलतो म्हणून त्याचे खरे ठरू नये. मुलाला मराठीत किंवा हिंदीत बोलू द्या, दुभाषा बसवा, प्रोटेस्टचा अर्ज भरताना मदत करा. नियमांचे सोपे मराठी टिपण प्रत्येक क्लबच्या फलकावर लागले पाहिजे. ते तयार करायला मी आणि माझे सहकारी तयार आहोत.

प्रशिक्षकांनो, येत्या मोसमात सरावाच्या दिवशी आठवड्यातून अर्धा तास फक्त नियमांसाठी ठेवा. सरावातही बोया लागला की गिरकी घ्यायला लावा, म्हणजे शर्यतीत ती आपोआप येईल. स्वतःहून माघार घेणाऱ्या मुलाशी त्याच दिवशी, बाकीच्या मुलांच्या देखत, चार शब्द चांगले बोला. पालकांनो, किनाऱ्यावर आलेल्या मुलाला "कितवा आलास?" हे नंतर विचारा. आधी विचारा, आज कोणाशी गाठ पडली, कोणाचा हक्क होता, तू काय केलेस. त्याला उत्तर येत नसेल तर दोघे मिळून पुस्तक उघडा. ते जागतिक संघटनेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.

मोसमातल्या पहिल्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी टेबलावरच्या त्या छोट्या होड्या घेऊन मी बसणार आहे. मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही. मागच्या मोसमातले तुम्हाला न पटलेले निर्णय घेऊन या, माझे असतील तेही. एकेक पुन्हा मांडून पाहू.

आपला,
शर्यत समितीतला एक स्वयंसेवक,
मुंबई